कोंबडीच्या मांसातील जंतुसंसर्ग आणि त्याचा बंदोबस्त
(सिंदी मेघे येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांपैकी एखादा विषय मांडावा असा आपल्याकडे प्रघात असताना, कोंबडी कापताना तिच्या मांसात जंतू कोठून येतात आणि ते कमी कसे करावेत हा विषय मी सुचविला व चालकांनी तो कोणतीही हरकत न घेता मान्य केला, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे. मांसाहार करावा की करू नये हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे आणि त्याला मी आज स्पर्श करणार नाही. परंतु ज्या घरात मांस कधी शिजत नाही, त्या घरातले मूलही त्याच गटाराच्या काठाने शाळेत जाते, त्याच नळाचे पाणी पिते आणि त्याच माश्या त्याच्या ताटावर बसतात. म्हणून या प्रश्नात खाणारा आणि न खाणारा असा भेद करता येत नाही.

या गावाला तर हा विषय परका नाहीच. १९३५ साली गांधीजींचा मुक्काम मगनवाडीत असताना त्यांचे सहकारी सकाळी बादल्या आणि फावडी घेऊन वर्ध्यालगतच्या या सिंदी गावात सफाईसाठी येत; त्यांत महादेवभाई देसाई होते, आणि मीराबेन यांनी तर काही काळ येथेच राहून ते काम चालविले. पुढे १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास गेले आणि इतिहासाचे लक्ष तिकडे वळले. ज्या कामाकडे समाज नाक मुरडून पाहतो ते काम शास्त्र म्हणून शिकता येते, त्याचे नियम बांधता येतात आणि ते करणाऱ्याची प्रतिष्ठा राखूनच ते सुधारता येते, ही दृष्टी त्या मंडळींनी या मातीत आणून ठेविली. खाटकाच्या धंद्याकडे याच दृष्टीने पाहावे, एवढीच माझी भूमिका आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मांस दूषित होते म्हणजे बाहेरची घाण त्यावर पडते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. ज्या दोन जिवाणूंनी जगभर सर्वाधिक उपद्रव माजविला आहे, ते साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर, कोंबडीबरोबरच, तिच्याच आतड्यातून, दुकानात येतात. कोंबडीचे शरीर माणसाच्या शरीरापेक्षा उष्ण असते; ते ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, आणि कॅम्पिलोबॅक्टरला नेमकी हीच उष्णता मानवते. ३० अंशांखाली तो वाढतच नाही. परंतु न वाढताही तो मांसावर जिवंत राहतो, आणि काहीशे जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडण्यास ते पुरेसे होतात. पक्ष्याला मात्र त्याचा प्रायः काहीच त्रास होत नाही. तो टवटवीत दिसतो, वजन धरतो, दाणे टिपतो. आणि म्हणून केवळ डोळ्यांनी तपासणी करणारा अंमलदार कितीही प्रामाणिक आणि दक्ष असला, तरी त्याच्या नजरेला हा जंतू सापडत नाही. अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा १९०६ साली झाला, कोंबडीसाठी तशी सक्ती १९५७ साली आली, आणि सूक्ष्म जंतूंची प्रत्यक्ष मोजणी नियमांत समाविष्ट व्हावयास १९९६ साल उजाडावे लागले, यावरून नजरेच्या तपासणीवर मनुष्यजात किती दीर्घकाळ विसंबून राहिली हे ध्यानात येईल.

हा उपद्रव केवळ हगवणीपुरता राहत नाही. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात, विशेषतः सिंहगड रस्त्याच्या बाजूला, गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराने दोनशेहून अधिक माणसे ग्रासली. हातापायांतली शक्ती जाऊन काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. त्यांपैकी काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच कॅम्पिलोबॅक्टर आढळला. संशयाचा रोख मुख्यतः पिण्याच्या पाण्यावर होता. तरी पक्ष्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतूचा उपद्रव पाण्याच्या मार्गाने वा अन्नाच्या मार्गाने माणसाच्या मज्जातंतूंपर्यंत कसा पोहोचू शकतो, याचे भान आपल्या राज्याला त्या दिवसांत झाले, आणि ते पुन्हा हरपू नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

जंतू पक्ष्याच्या पोटातून येत असेल, तर त्याचा बंदोबस्त पक्षी जिवंत असतानाच का करू नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे एक अतिशय सुंदर उत्तर फिनलंडच्या एस्को नुर्मी या शास्त्रज्ञाने आपल्या एका सहकाऱ्यासह १९७३ साली दिले. खुडूक कोंबडीच्या पंखाखाली वाढणारे पिल्लू पहिल्या दिवसापासून आईच्या विष्ठेत, मातीत, काडीकचऱ्यात टोची मारीत असते आणि त्यायोगे आईच्या आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू त्याच्या आतड्यात आपोआप वस्ती करतात. यंत्रात उबविलेल्या पिल्लाला आई नसते. त्याचे आतडे रिकामे असते, आणि त्या रिकाम्या जागेवर जो प्रथम येईल तो कब्जा करतो. नुर्मींनी निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना पाजून पाहिले, आणि ती पिल्ले साल्मोनेलाला मोठ्या प्रमाणात दाद देईनाशी झाली. आपल्या आज्या-पणज्या परसात जे सहज घडू देत होत्या, ते प्रयोगशाळेला पुन्हा शोधून काढावे लागले. गावरान कोंबडी म्हणजे निर्जंतुक कोंबडी असा अर्थ मात्र यातून कोणी काढू नये.

पक्षी कापण्यापूर्वीचे काही तासही महत्त्वाचे असतात. आतडी भरलेली असली तर ती काढताना फुटतात आणि सारे मांस माखते. म्हणून साधारण ८ ते १२ तास आधी खाद्य बंद करावे, पाणी मात्र चालू ठेवावे, असा नियम आहे. यात तारतम्य लागते. उपास फार लांबला तर आतड्याचे अस्तर पातळ होऊन ते अधिकच सहज फाटते. शिवाय भुकेलेला पक्षी खालच्या विष्ठामिश्रित भुशात चोच मारू लागतो, आणि गळ्याशी असलेल्या दाण्याच्या पिशवीतला आंबटपणा ओसरल्यामुळे तेथे साल्मोनेलाला मोकळे रान मिळते. म्हणजे संध्याकाळी पिंजऱ्यात भरलेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुकानापुढे उन्हात ठेवलेला पक्षी दयेच्या दृष्टीने जसा दुःखी, तसाच आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचा असतो. भूतदया आणि सार्वजनिक आरोग्य येथे एकाच बाजूला उभी राहतात.

आता मोठ्या कारखान्यात शिरू, कारण तेथे जे शास्त्र घडले त्यातून आपल्या लहान दुकानाला घेण्यासारखे पुष्कळ आहे. रक्त निथळल्यावर पिसे सैल व्हावीत म्हणून पक्षी ऊन पाण्यात बुडवितात. पाणी ५० ते ५३ अंशांवर ठेविले तर कातडीचा वरचा थर शाबूत राहतो. ५८ ते ६० अंशांवर ठेविले तर तो थर जातो, पण जंतूही अधिक मरतात. त्यानंतर रबराच्या बोटांची यंत्रे पिसे उपटतात, आणि ती बोटे पक्ष्याचे पोट दाबीत असल्यामुळे आतली विष्ठा बाहेर येऊन एका पक्ष्यावरची घाण पुढच्या अनेकांना लागते. मग पोट फाडून आतडी काढणे, धुणे, आणि अखेर ४ अंशांपर्यंत थंड करणे. या सर्व टप्प्यांत एक गोष्ट समान आहे आणि माझ्या मते तीच या साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे: सुरुवातीला जंतू थोड्या पक्ष्यांत असतो, आणि जे जे सामाईक असते, पाणी, यंत्र, सुरी, हात, ते ते त्याला सर्वांपर्यंत पोहोचविते. शंभर पक्षी एकाच हौदात बुडविले तर त्या हौदाचे पाणी पक्षी धूत नाही. ते पहिल्या पक्ष्याची विष्ठा शंभराव्या पक्ष्याला पोहोचती करते.

यावर शोधलेला उपाय मला फार विचारपूर्वक केलेला वाटतो. हौदातले पाणी पक्ष्यांच्या प्रवासाच्या उलट दिशेने वाहते ठेवावयाचे: पक्षी एका टोकाने शिरतो, स्वच्छ पाणी दुसऱ्या टोकाने, त्यामुळे सर्वांत घाणेरड्या पक्ष्याची गाठ वापरलेल्या पाण्याशी आणि स्वच्छ होऊन बाहेर पडणाऱ्या पक्ष्याची गाठ ताज्या पाण्याशी पडते. शक्य असल्यास एका हौदाचे दोन-तीन हौद करावयाचे. यात कोणतेही महागडे द्रव्य नाही. जे स्वच्छ झाले त्याचा आणि जे अद्याप मलिन आहे त्याचा मार्ग एकमेकांना छेदू नये, एवढीच ती व्यवस्था आहे, आणि माणूस, हवा, हत्यारे व सांडपाणी यांनाही ती जशीच्या तशी लागू पडते.

द्रव्यांवर मात्र पुष्कळ वाद झाला आहे. अमेरिकेत थंड पाण्याच्या हौदात क्लोरीन घालण्याची पद्धत रूढ झाली. युरोपीय संघाने १९९७ पासून अशा रीतीने धुतलेली कोंबडी बाजारात येऊ दिली नाही. क्लोरीनने मांस विषारी होते, एवढाच या विरोधाचा अर्थ नव्हता. शेवटी क्लोरीन आहेच या भरवशावर आधीचे टप्पे गचाळ राहतील, हा त्यामागचा मोठा आक्षेप होता. क्लोरीनचा गुण पाण्याच्या आम्लतेवर अवलंबून असतो. पाणी अल्कधर्मी असेल तर तो मंदावतो, आणि रक्त, चरबी, विष्ठा यांची गाठ पडताच तो त्यांच्यावरच खर्च होऊन जातो. शिवाय पिसांच्या मुळांशी असलेल्या छिद्रांत एकदा जंतू चिकटला की कोणतेही धुणे त्याला सहज उपटीत नाही. या वादात माझे मत युरोपाच्या बाजूचे आहे: द्रव्य हे शेवटच्या हाताचे साहाय्य आहे, पहिल्या हाताच्या निष्काळजीपणाची भरपाई नव्हे.

हे प्रयत्न फळतात काय, असे कोणी विचारील. स्वीडनमध्ये १९५३ साली आल्वेस्ता येथील एका कत्तलखान्यातून निघालेल्या मांसामुळे साल्मोनेलाची साथ उसळून सुमारे ९,००० माणसे आजारी पडली आणि सुमारे ९० दगावली. त्या देशाने त्या आघातातून धडा घेऊन १९६१ साली कायदा केला, आणि आज साल्मोनेलाच्या बाबतीत जगातील सर्वांत निर्धोक देशांत त्याची गणना होते. न्यूझीलंडमध्ये २००६ साली, ४० लाखांच्या आसपास लोकसंख्येत, कॅम्पिलोबॅक्टरच्या १५,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली. मग कोंबडी कापणाऱ्या कारखान्यांवर जंतूंच्या मोजणीची आणि मर्यादेची सक्ती आली, आणि २००८ पर्यंत ती संख्या निम्म्याहून खाली उतरली. कारखान्यातल्या सुधारणेने गावोगावच्या घरांतली दुखणी निम्मी होतात, याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

परंतु सिंदी मेघे हे न्यूझीलंड नाही. आपल्याकडे कोंबडी मुख्यतः कारखान्यात कापली जात नाही. ती चिकन सेंटरवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, कापली जाते, आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही त्या देखतपणावरच असतो. पिंजऱ्यातून पक्षी काढला, तोलला, मान कापून पिंपात टाकला, शांत झाल्यावर कातडी सोलली, आतडी काढली, पोटा-कलेजी वेगळी केली, ठोकळ्यावर तुकडे केले आणि पिशवीत भरून दिले: सारा मामला काही मिनिटांत आटोपतो. या पद्धतीत एक मोठा गुण आहे, आणि तो मान्य न करणे अन्यायाचे होईल. आपण कातडी सोलून टाकतो. त्यामुळे ऊन पाण्याचा हौद, रबरी बोटे आणि पिसांच्या छिद्रांत दडलेले जंतू या कारखान्याच्या मोठ्या आपत्तींतून आपले दुकान मोकळे राहते. मांस विकले जाईपर्यंत फार वेळही जात नाही.

दोष आहे तो हातांत आणि बादलीत. ज्या हाताने पिंजऱ्यातला विष्ठेने माखलेला पक्षी धरला, तोच हात सोलतो, आतडी ओढतो, तुकडे करतो, पैसे घेतो आणि मोड परत देतो. शेजारी एक बादली असते. तीत हात बुडतो, सुरी बुडते आणि कधी मांसही बुडते, आणि सकाळी भरलेली ती बादली दुपारपर्यंत लाल होऊन जाते. कारखान्याच्या हौदाविषयी मी जे सांगितले ते सर्व या बादलीला लागू आहे, इतकेच की येथे प्रवाहाची उलट दिशाही नाही. म्हणून दुकानात पहिला बदल करावयाचा तो हा, की बादली जावी आणि तोटी यावी. नळ नसेल तर उंचावर ठेविलेल्या पिंपाला तोटी लावावी. वाहते पाणी थोडे असले तरी ते घाण परत आणीत नाही.

दुसरा बदल हाताचा. दोन माणसे असतील तर एकाने पक्षी धरावा, कापावा, सोलावा, आणि दुसऱ्याने फक्त तुकडे करावेत. एकच माणूस असेल तर पाच-सहा पक्षी एकदम कापून, सोलून, आतडी काढून घ्यावीत, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवावेत, सुरी बदलावी आणि त्यानंतरच ठोकळ्याकडे वळावे. ठोकळ्याविषयी आपल्या देशातील अन्नसुरक्षेचा नियम असा आहे की तो खाद्ययोग्य कृत्रिम पदार्थाचा असावा, लाकडाचा असेल तर टणक, भरीव लाकडाचा असावा. आमच्याकडचे ठोकळे चिरा पडून पोखरलेले असतात आणि त्या चिरांत कालचे मांस आज कुजत असते. रात्री ठोकळा खरवडावा, साबणाने घासावा, पाण्याने धुवावा आणि नंतर टीसीएल पावडरीच्या पाण्याने पुसावा. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. १० लिटर पाण्यात ३ ग्रॅम घातली की लिटरमागे १०० मिलिग्रॅमचे द्रावण होते आणि ते हत्यारांना व फरशीला पुरते. क्रम मात्र उलटू नये, कारण चरबीवर ओतलेली पावडर वाया जाते. आपल्या उन्हाळ्यात उघडी राहिलेली पावडर झपाट्याने निकामी होते, हेही ज्याच्याकडे ती ठेवावयास दिली आहे त्याने ध्यानात ठेवावे.

उन्हाळ्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. अनुकूल उष्णतेत साल्मोनेलासारखा जिवाणू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो. वीस मिनिटे धरली तर सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतात. वैशाखात आपल्याकडे सावलीतही ४५ अंशांच्या जवळपास उष्मा असताना, सकाळी कापलेले मांस दुपारपर्यंत टांगून ठेवणे म्हणजे त्या जिवाणूला हवी ती सवलत देणे होय. बर्फ वापरावा, परंतु कोणता? लादीचा बर्फ पुष्कळदा पिण्यायोग्य पाण्याचा नसतो. अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती २०१८ साली आली ती याच कारणाने. निळा बर्फ मांसाला लागू देऊ नये.

पोळ्याच्या करीला किंवा श्रावण लागण्यापूर्वीच्या रविवारी दुकानासमोर रांग लागते. ज्या दुकानदाराने एरवी सर्व पथ्ये पाळली, तोही त्या दिवशी हात धुण्यास फुरसत काढीत नाही, आणि रांगेतला गिऱ्हाईकही त्याला घाई करीत असतो. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने हे दिवस अधिक बंदोबस्ताचे असले पाहिजेत. तपासनिसाने यावयाचे ते अशा दिवशी यावे.

कायद्याविषयी थोडक्यातच बोलतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याची अंमलबजावणी २०११ पासून सुरू झाली. त्यात दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणाऱ्या लहान दुकानदाराला परवान्याऐवजी केवळ नोंदणी पुरते. ही सवलत योग्य आहे, कारण गरीब माणसावर कारखान्याचे नियम लादले तर तो धंदा चोरून करील. परंतु नोंदणीचा कागद भिंतीवर लागला म्हणजे सरकारची जबाबदारी संपली, असा जो अर्थ प्रत्यक्षात होऊन बसला आहे, तो मला मान्य नाही. ज्याला पाणी मिळत नाही त्याला पाण्याने धुण्याचा हुकूम देणे हा शासनाचा धर्म नव्हे.

आता घराकडे. सावजी पद्धतीचा किंवा घरचा कोणताही रस्सा इतका वेळ रटरटतो की त्यात साल्मोनेला वा कॅम्पिलोबॅक्टर टिकत नाही. धोका आहे तो रश्शाशेजारच्या काकडी-कांद्यात, ज्या विळीवर किंवा पाटावर क्षणापूर्वी कच्चे मांस होते तिच्यावरच चिरलेल्या कोशिंबिरीत. पाश्चात्त्य देशांत कच्ची कोंबडी धुऊ नका असा उपदेश करतात, कारण नळाखाली उडणारे शिंतोडे ओट्यावरच्या साऱ्या वस्तूंवर बसतात. आपल्या गृहिणीला हा उपदेश पटणार नाही, आणि दुकानातून पिसांच्या तुकड्यांसह आलेले मांस न धुता शिजवा असे मीही तिला सांगणार नाही. तिने ते खोल भांड्यात, संथपणे, नळाची धार न सोडता धुवावे. पाणी मोरीत ओतून मोरी घासावी. आणि कोशिंबीर त्याआधीच चिरून झाकून ठेवावी. शिजलेला रस्साही रात्रभर मोठ्या पातेल्यात कोमट ठेवू नये, कारण उकळीतही तगून राहणारी काही जंतूंची बीजे त्यातच उगवतात.

शेवटी सार्वजनिक व्यवस्थेबद्दल एक सूचना करतो. वर्ध्याच्या वाढत्या वस्तीमुळे हे गाव आज नगरासारखे झाले आहे, आणि गटारे मात्र गावचीच राहिली आहेत. पिसे व आतडी त्यांतच जातात, कुत्री ती ओढतात, आणि पाऊस आला की ती पुढच्या आळीत पोहोचतात. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेविला होता. म्हणजे अशा कामाला पैसा नाही, हे उत्तर पूर्वी जितके सोपे होते तितके आता राहिलेले नाही. दुकानांच्या ओळीला एक स्वतंत्र पाण्याची जोडणी, झाकलेली मोरी, रक्त नि मांसाचे कण अडविणारी जाळी, आणि पिसे-आतडी रोज उचलून भुशाबरोबर खड्ड्यात खतवणारी गाडी, इतकी तजवीज झाली तरी वर सांगितलेले बहुतेक सर्व नियम दुकानदाराला पाळता येतील. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ही बाब घ्यावी आणि त्या सभेला दुकानदारांना आग्रहाने बोलवावे; दिवसाला किती पक्षी कापले जातात, करीला ती संख्या कोठवर जाते, नळाला पाणी कोणत्या वेळी येते आणि ते किती वेळ पुरते, हे आकडे त्यांच्याशिवाय कोणाच्याच दप्तरात नाहीत, आणि मोरीचा व्यास ठरविताना ते लागणार आहेत.